कांठाजवळची नाव आणि फिरलेला वारा

गेल्या महिन्यांत नागपुराकडील एका भगिनीचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. त्यांनीं तेथें एका तळ्यांत फिरावयास नाव घेतली असून सुटीच्या दिवशीं बायकामुलांसह ते त्या नावेंतून हिंडतात. पत्रासोबत नावेचें छायाचित्रहि होतें. "ही नाव आहे कीं पाण्यावर ठेवलेला ओटा आहे, हेंच मला कळत नाहीं. वारा सुटला म्हणजे ही कांठापाशीं कशी राहत असेल? तुम्ही त्या देशीं जाऊन आलां आहांत, तर दोन शब्द लिहा," असें त्यांनीं विचारलें आहे. त्यांची काळजी अगदीं रास्त आहे. या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला एकाच कारणानें पोंचतो. अशी नाव वाऱ्यांत चुकीच्या रीतीनें बांधण्याचा अपराध माझ्या हातून एकदां घडलेला आहे. आणि तो घडला तेव्हां माझीं दोन नातवंडें त्या नावेच्या व कांठाच्या मध्यें पाण्यांत उभीं होतीं.

प्रथम ही नाव म्हणजे काय तें सांगतों. आपल्याकडील होडीस पोट असतें. तें पाण्यांत बुडून राहतें आणि त्या बुडालेल्या भागाच्या आधारानें होडी वाऱ्यापुढें थोडा तग धरते. या नावेस पोटच नाहीं. ॲल्युमिनियमचीं दोन, कधीं तीन, लांब बंद नळकांडीं असतात. प्रत्येकाचा व्यास सुमारें दोन फूट. त्यांवर आडवे दांडे, दांड्यांवर फळ्यांची सपाट जमीन, भोंवतीं कमरेइतका बंद कठडा, आंत बसावयास बांकें, डोक्यावर कापडाचें छत, आणि पिछाडीस मोटार. लग्नाचा मांडव उचलून पाण्यावर ठेवावा, तसा हा प्रकार दिसतो. या नळकांड्यांस पॉन्टून म्हणतात. हा शब्द मूळचा लॅटिन, पुलाशीं नातें सांगणारा. आपल्याकडील जुन्या पिढीस तो ठाऊक झाला हावड्याच्या जुन्या पुलामुळें. सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनीं बांधलेला तो तरता पूल 1874 पासून 1943 पर्यंत हुगळीवर होता. पुलाचें काम चालूं असतांनाच, 1874 च्या मार्च महिन्यांत, मोठें वादळ झालें. 'एजीरिया' नांवाची एक आगबोट आपले दोर तोडून सुटली आणि पुलावर येऊन आदळली. तीन पॉन्टून बुडाले. वादळानें जें नुकसान केलें नसतें तें दोरानें न धरलेल्या एका बोटीनें केलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तळ्यांत हिंडण्याची पॉन्टून नाव मात्र अलीकडची आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत रिचमंड म्हणून एक गांव आहे. तेथील अँब्रोझ वीअर्स या शेतकऱ्यानें 1950 नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत लोखंडी पिंपें एकापुढें एक जोडून दोन रांगा केल्या, त्यांवर लांकडी जमीन ठोकली, आणि ती पाण्यांत सोडली. आज तिकडे तळ्यातळ्यांतून याच जातीच्या नावा दिसतात. म्हातारीं माणसें, लहान मुलें, कुत्रीं, जेवणाचें सामान, सगळें कांहीं तीवर सुखानें बसतें. ती कलंडत नाहीं. तिचा दोष एकच. पाण्यांत ती फूटदीड फूट बुडते आणि पाण्यावर चारपांच फूट उभी राहते. छत उघडलेलें असेल तर त्याहूनहि अधिक. अर्थात् पाण्यापेक्षां वाऱ्याची सत्ता तिच्यावर जास्त चालते.

माझा मुलगा त्याच मिनेसोटांत, मिनिआपोलिस शहराजवळ राहतो. त्या संस्थानांत दहा एकरांहून मोठीं अशीं 11,842 तळीं मोजलेलीं आहेत. 'मिनेसोटा' या नांवांतील पहिला भाग तेथील मूळच्या डकोटा लोकांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थच पाणी असा आहे. शहरापासून जवळ 'मिनेटोंका', म्हणजे मोठें पाणी, नांवाचें तळें आहे. त्याचा विस्तार सुमारें 14,500 एकर. कांठ असा वेडावांकडा कीं एका उपसागरांतून दुसऱ्यांत जातां जातां दिशा विसरावी. त्यांत एक बेट आहे. त्याचें नांव 'बिग आयलंड', म्हणजे पुनः मोठें बेट. नांवें ठेवणारांनीं फारसें डोकें चालविलेलें दिसत नाहीं. या बेटाच्या उत्तरेस वाळूचा उथळ भाग आहे, आणि उन्हाळ्यांत सुटीच्या दिवशीं तेथें नावांची जत्रा भरते.

2019 सालच्या जुलै महिन्यांत मी व आमचें कुटुंब तिकडे होतों. एका शनिवारीं मुलानें एक पॉन्टून नाव दिवसभरासाठीं भाड्यानें घेतली. आम्ही दोन बिऱ्हाडांचीं मिळून दहा माणसें होतों. वारा दक्षिणेचा व अगदीं मंद होता, म्हणून बेटाच्या उत्तरेकडील आडोशास आम्ही गेलों. मुलानें कांठापासून बऱ्याच अंतरावर, मोकळ्या पाण्यांत, पिछाडीकडून फाळांचा नांगर सोडला. दोर हळूहळू सोडीत नाव कांठाकडे आणली. आणि कमरेइतकें पाणी लागल्यावर स्वतः उतरून नाळेकडचा दुसरा, लहान नांगर हातानें वाळूंत रोविला. नाव त्या दोहोंच्या मध्यें उभी राहिली. पिछाडीचा दोर साठएक फूट लांब सोडलेला होता. "आतां वारा दक्षिणेचा आहे तोंवर पुढचा नांगर काम करील; उलटला तर मागचा," एवढेंच तो बोलला आणि मुलांना घेऊन पाण्यांत उतरला.

नाव थोडी डुलत होती, इकडची तिकडे होत होती. आमच्या कुटुंबास तें सोसेना. हातांतला चहा सांडूं लागला. आणि मला, खरें सांगावयाचें तर, तो मागचा लोंबता दोर पाहवेना. छत्तीस वर्षें मुलांच्या वह्यांतील सैल ओळी व सुटीं पानें पाहून ज्यानें कान पिळले, त्याला असा पाण्यांत पडलेला दोर म्हणजे निव्वळ आळस वाटतो. मीं तो ओढूं लागलों. पहिल्यानें हाताला चांगलेंच जड लागलें. मग कांहींतरी सुटल्यासारखें झालें आणि दोर भराभर येऊं लागला. मला वाटलें, सैलपणा होता तो निघाला. चाळीसएक फूट दोर मीं आंत घेतला, त्याची नीट चकली करून ठेविली, आणि उरलेला दोर खुंटीवर तीन गांठी मारून ताठ बांधला. नाव डुलावयाची थांबली. कुटुंबानें समाधानानें दुसरा चहा ओतून घेतला.

मुलाच्या खिशांतील फोनवर वादळाची सूचना तासाभरापूर्वींच आलेली होती. पश्चिमेस ढग काळे झाले होते आणि कांहीं नावा निघूनहि गेल्या होत्या. "अर्ध्या तासापूर्वीं निघावयास हवें होतें, ही चूक माझी," असें तो आजहि म्हणतो. मीं तेव्हां म्हटलें होतें कीं, चार थेंब पडतील, कोंकणांतल्या माणसाला त्याचें काय कौतुक! मग वारा अगदीं पडला. पांचसात मिनिटें पानहि हाललें नाहीं. आणि एकदम वायव्येकडून असा झोत आला कीं छताचें कापड फडाडून उठलें. ज्या बेटाचा आम्हांस आडोसा होता तेंच आतां वाऱ्याच्या तोंडीं आलें, आणि नाव त्याकडे धांवूं लागली. पुढचा दोर सैल पडला. मागचा ताणला, नाव क्षणभर थांबल्यासारखी झाली, पुनः हिसका, पुनः पुढें. नांगर तळावरून उड्या मारीत येत होता. आणि पुढें पंचवीस हातांवर, छातीइतक्या लाटांत, माझा नऊ वर्षांचा नातू व सहा वर्षांची नात उभीं होतीं.

मोटार चालवितां येत नव्हती, कारण पाण्यांत माणसें होतीं. मुलगा मुलांकडे धांवला. धांवतां धांवतां त्यानें मागें वळून ओरडून सांगितलें, "नाना, मागचा दोर सोडा! सगळा सोडा!"

मला वाटलें, भीतीनें याची बुद्धि फिरली. नाव पोरांच्या अंगावर चाललेली, तिला धरून ठेवणारा एकच दोर, आणि तोच सोडा म्हणतो! मीं तो दोर सोडला नाहीं. उलट दोन्ही हातांनीं आणखी घट्ट धरला. सूनबाईनें पुढें होऊन माझे हात बाजूस सारले. एरवीं जिनें मला कधीं उलट शब्द केला नाहीं, तिनें "नाना, बाजूला व्हा" म्हणून सांगितलें, आणि गांठींशीं झटूं लागली. माझ्या त्या तीन गांठी ओल्या होऊन आवळल्या होत्या. शेवटीं एकदाच्या त्या सुटल्या, चकलीचा सगळा दोर सरसरत पाण्यांत गेला, नाव आणखी पुढें सरकली, मीं डोळे मिटले, आणि मग एक मोठा, लांबलेला हिसका बसून ती जागच्या जागीं उभी राहिली. डोळे उघडले तेव्हां नाळ बरोबर त्याच ठिकाणीं होती जेथें मुलें मघां खेळत होतीं. मुलानें त्यांना आडवें ओढून वीस पावलांवर नेलें होतें. कोणास कांहीं लागलें नाहीं.

मग त्यानें पिछाडीचा तो दोर कठड्याच्या बाहेरून फिरवून नाळेस आणून बांधला. नाव हळूहळू वळली, तिनें तोंड वाऱ्याकडे केलें, आणि लाटा जी मागून आंत येत होत्या त्या समोर फुटूं लागल्या. वादळ वीस मिनिटांत निघून गेलें. विजा सुदैवानें दुरूनच गेल्या. परततांना नावेंत कोणी फारसें बोललें नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं मुलास विचारलें कीं, दोर सोडल्यानें नाव थांबली कशी? त्यानें उत्तर दिलें नाहीं; नातवाला हांक मारली. नातवानें एका ताटांत रवा ओतला, जेवणाच्या काट्याला सुतळी बांधली, काटा रव्यांत खुपसला आणि सुतळी वर ओढली. काटा चट्‌कन् निघाला. मग पुनः खुपसून त्यानें सुतळी आडवी, ताटाच्या कांठाशीं टेकवून ओढली. काटा जों जों ओढावा तों तों आंत रुतत गेला. "आजोबा, नांगर जड असतो म्हणून धरत नाहीं," तो म्हणाला, "आडवा ओढला म्हणून धरतो."

वाचकहो, हें मला आधींच कळावयास हवें होतें. शेतांतला नांगर आणि नावेचा नांगर यांस आपल्या मराठीनें एकच नांव दिलेलें आहे. शब्दांचीं कुळें निराळीं. शेतांतला नांगर संस्कृत लाङ्गल शब्दापासून आला, आणि नावेचा फारसी लंगर शब्दापासून. पण दोघांचें वर्तन एकच. बैलांनीं आडवें ओढलें तर फाळ जमिनींत शिरतो; कोणी वर उचललें तर मोकळा होतो. मीं दोर आंत घेतला तेव्हां प्रथम जड लागून मग सुटल्यासारखें झालें होतें, तें म्हणजे मुलानें रोविलेला नांगर मीं स्वतःच्या हातानें उपटला होता. आणि पुढें दोर आंखूड राहिल्यामुळें तो पुनः रुतूं शकला नाहीं. दोर सुटतांच ओढ आडवी झाली व फाळ वाळूंत शिरले.

याचें गणित मीं दुसऱ्या दिवशीं करून पाहिलें. माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेंच, परंतु एवढ्याला तें पुरतें. तळापासून नावेच्या खुंटीपर्यंतची उंची धरावयाची. नुसती पाण्याची खोली नव्हे, हें विसरूं नये. पांच फूट पाणी आणि खुंटी पाण्यावर तीन फूट, म्हणजे आठ. दोर जर उंचीच्या दुप्पट सोडला तर तो तळाशीं तीस अंशांचा कोन करतो, आणि ओढीचा बराच भाग नांगर उचलण्यांत जातो. सातपट सोडला तर कोन आठ अंशांवर येतो. म्हणून जाणते लोक साध्या वाऱ्यांत पांच ते सातपट, आणि वादळांत दहापट दोर सोडतात. आठ फुटांस छप्पन्न. मुलाचे साठ फूट होते, माझे उरले वीस. शिवाय नांगराजवळ चारसहा फूट लोखंडी सांखळी असावी. तिच्या वजनानें दोराचें टोंक तळाशीं लोळत राहतें. आणि दोर नायलॉनचा असावा, कारण तो ताणतो. लाटेचा हिसका दोरानें गिळला तर खुंटीवर व नांगरावर येत नाहीं.

भाड्याच्या नावांतून पुष्कळदां भूछत्राच्या आकाराचा एक नांगर ठेवलेला असतो. चिखलाच्या तळ्यांत, वारा नसतां, मासे धरीत बसावयास तो ठीक. वाऱ्यांत त्यावर विसंबूं नये. वाळूंत व चिखलांत दोन रुंद फाळांचा, मिटतां येणारा नांगर उत्तम. हा रिचर्ड डॅनफर्थ या अमेरिकनानें 1939 च्या सुमारास काढला, आणि पुढें महायुद्धांत कांठावर सैन्य उतरविणाऱ्या नावांना पुनः पाण्यांत ओढून घेण्याकरितां तो वापरण्यांत आला. गोटे व पाणवनस्पति असतील तेथें मात्र तोहि दगा देतो.

आतां वाऱ्याचें बळ पाहा. ताशीं वीस मैलांचा वारा चौरस फुटाला सुमारें एक पौंड दाबतो. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. बावीस फूट लांब नावेची एक बाजू, पांच फूट उंच धरली तर, एकशेंदहा चौरस फूट. चाळीस मैलांच्या झोतांत तीवर चारशेंचाळीस पौंड भार येतो. तीच नाव वाऱ्याकडे तोंड करून उभी असेल तर रुंदी साडेआठच फूट, आणि भार एकशेंसत्तर. छताचा हिशोब यांत धरलेला नाहीं. तें वारा दिसतांच मिटावें. म्हणजे नाव कोणत्या बाजूनें बांधली यावरच दोरानें किती सोसावयाचें तें ठरतें. पिछाडी तर वाऱ्याकडे मुळींच नसावी. तेथें नाव बसकी असते, मोटारीचें वजन असतें, आणि लाट सरळ आंत येते. आमच्या नावेंत ती आलीच होती. मुलाचा मागचा नांगर शांत पाण्यापुरता योग्य होता. वारा उलटतांच त्याचा दोर नाळेस आणावयाचा, हा त्याच्या योजनेचा दुसरा अर्धा भाग होता. मला तो ठाऊक नव्हता, आणि मीं विचारलाहि नव्हता.

वारा फिरणार हें धरून दोन दिशांस नांगर टाकण्याची युक्ति फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं 480 च्या सुमारास इराणचा राजा झर्क्सीझ यानें ग्रीसवर स्वारी करतांना हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचे दोन पूल बांधविले. हिरोडोटस सांगतो कीं, पहिले पूल वादळानें मोडले तेव्हां राजानें समुद्राला तीनशें फटके मारविले. हा न्याय शाळामास्तरांच्या ओळखीचा आहे. पण दुसऱ्या खेपेस ज्यांनीं काम केलें त्यांनीं फटक्यांवर भरंवसा न ठेवतां, एकीकडचे नांगर काळ्या समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यासाठीं आणि दुसरीकडचे पश्चिमेच्या व दक्षिणेच्या वाऱ्यासाठीं टाकले. ते पूल टिकले आणि सैन्य पार झालें.

आपल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्षाचें एक प्रकरण आहे. 1909 मध्यें शामशास्त्र्यांनीं तो ग्रंथ छापला तेव्हांपासून पंडितांनीं तें वाचलें आहे. मीहि अनेकदां वाचलें होतें. मोठ्या नावेवर कोण कोण माणसें असावीं हें त्यांत सांगितलें असून, त्यांत एक 'दात्ररश्मिग्राहक' आहे. दात्र म्हणजे विळा, रश्मि म्हणजे दोर. दोर धरणाराच्या हातीं विळा कशाला, हें कोडें मीं कधीं सोडविलें नव्हतें. त्या दिवशीं सूनबाई ओल्या गांठींशीं झटत असतां मला त्या समासाचा विग्रह कळला, असें मी समजतों. तेव्हां नावेवर धारदार चाकू हाताशीं असावा. आणि गांठ अशी असावी कीं दोर ताणलेला असतांहि सोडतां यावी. नावेच्या खुंटीस दोन शिंगें असतात. दोर खुंटीच्या बुडाशीं एक वेढा देऊन मग शिंगांवरून इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा फिरवावा व शेवटचा वेढा उलटा घालून आवळावा, बस्स. माझ्यासारख्या तीन गांठी मारूं नयेत. त्याच प्रकरणांत असेंहि आहे कीं, माणसें वा साधनें अपुरीं असल्यामुळें किंवा दुरुस्ती न केल्यामुळें नाव नष्ट झाली तर नावध्यक्षानें नुकसान भरून द्यावें. आमच्या नावेच्या नळकांड्यास बेटाजवळच्या एका गोट्यानें पोंचा पडला होता, त्याचे पैसे मीं देऊं केले. मुलानें घेतले नाहींत.

भगिनींच्या चिरंजीवांची नाव बहुधा धक्क्याला बांधलेली असेल, म्हणून त्याविषयीं थोडें. तळ्याला भरतीओहोटी नाहीं, त्यामुळें आपल्या खाडीइतका दोर सैल ठेवावा लागत नाहीं; तरी लाटेबरोबर नाव वरखालीं होईल एवढी ढील हवीच, नाहींतर खुंट्या उपटतात. नाळेचा एक व पिछाडीचा एक, एवढ्या दोन दोरांनीं भागत नाहीं. नाळेकडून धक्क्याच्या मागील खांबास आणि पिछाडीकडून पुढील खांबास असे दोन तिरपे दोर आणखी असावे, म्हणजे नाव मागेंपुढें धांवत नाहीं. मध्यें रबरी उशा टांगाव्या. दोर कांठावर घांसतो तेथें जुनें जाड फडकें गुंडाळावें. वाळूवर नुसती नाळ चढवून नाव सोडून जाण्याची तिकडे फार संवय आहे; वारा मागून आला तर दहा मिनिटांत लाटांनीं पिछाडी भरते. आणि सुटलेल्या नावेच्या व धक्क्याच्या मध्यें कोणीहि हात, पाय किंवा देह घालूं नये. रिकामी नावच टनभर असते. तिला लागलें तर दुरुस्त करतां येतें.

सूचना आली, ढग दिसला, वारा अचानक पडला, कीं निघावें. जेथें आतां आडोसा आहे तेंच ठिकाण वारा फिरल्यावर तोंडावर येतें. नकाशावर पाहून ठेवावें कीं उलट वारा आला तर कोणत्या कांठामागें जावयाचें. कोंकणचीं माणसें, विशेषतः ज्यांनीं आयुष्य शाळेच्या ओट्यावर काढलें तीं, पावसाला भीत नाहींत, तांडेल भितात.

एक गोष्ट राहिली. त्या रात्रीं मीं मुलाला विचारलें कीं, मी दोर ओढीत होतों तें तूं पाण्यांतून पाहिलें असशील. मला थांबविलें कां नाहींस? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पाहिलें होतें, नाना. पण तुम्ही बांधीत होतां." आपल्या घरांतून मुलांना आपण हेंच शिकविलें आहे, आणि तें मोठ्या अभिमानानें शिकविलें आहे. त्यानें तें शिकलेलें पाळलें. त्याची मुलें पुढें पाण्यांत असतांना पाळलें. या वाक्यावर मी अनेक रात्रीं विचार केलेला आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, पुढें मी नावेंत, मोटारींत किंवा तुझ्या घरांत चुकीचा दोर ओढतांना दिसलों, तर तेथल्या तेथें ओरडावें. त्यानें मान हालविली. ओरडेल कीं नाहीं, सांगवत नाहीं.

पुढें 2021 मध्यें त्यानें दोघां मित्रांच्या भागींत एक जुनी पॉन्टून नाव विकत घेतली. आम्ही त्यानंतरच्या उन्हाळ्यांत गेलों तेव्हां आमच्या कुटुंबानें आपल्या दोऱ्याच्या पेटींतून तांबडा दोरा काढून नांगराच्या दोरावर दर दहा फुटांस खूण विणून दिली. पन्नासाच्या जागीं दोन खुणा. आतां नांगर टाकतांना नातू मोठ्यानें खुणा मोजतो, आणि छत मिटण्याचें काम माझ्याकडे असतें. थंडींत तळें गोठतें, तेव्हां धक्केसुद्धां उचलून कांठावर ठेवावे लागतात आणि नाव अंगणांत ताडपत्रीखालीं पडून असते. परवां त्याचें पत्र आलें: दोर जुना झाला म्हणून बाबांनीं नवा शंभर फुटांचा आणला आहे, पण खुणा करावयास आजीनें स्वतः यावें, कारण त्याच्या आईच्या खुणा पाण्यांत सुटतात.